वाचकांचे प्रश्न: जखमेतले रक्त थांबवणाऱ्या पट्ट्या, पावडरी आणि थेंब

प्रश्न: माझी बारा कोयत्यांची ऊसतोडणी टोळी आहे. दर हंगामात कोणाच्या ना कोणाच्या नडगीला किंवा डाव्या हाताला कोयता लागतोच. फडापासून दवाखाना लांब. ऑनलाइन रक्त थांबवण्याची पावडर मिळते आणि औषध लावलेली गॉजची गुंडाळीही मिळते. पेटीत काय ठेवू, आणि ते वापरायचे कसे?
– एक मुकादम, माजलगाव

उत्तर: गॉज ठेवा. फडात पावडरीचा भरवसा धरू नका. जोरात वाहणारे रक्त पावडरीला आपल्याबरोबर बाहेर लोटते आणि फुटलेल्या रक्तवाहिनीपर्यंत ती पोचतच नाही. वर साचलेल्या रक्ताचा गोळा होतो, बघणाऱ्याला वाटते थांबले, आणि खाली स्राव चालूच असतो. वाऱ्याने डोळ्यांत जाते ते वेगळेच.

या पावडरींनी पूर्वी नुकसानही केले आहे. २००२ मध्ये अमेरिकेत झिओलाइट या खनिजाचे दाणे वापरात आले. ते रक्तातले पाणी शोषून घेत, त्यामुळे मागे राहिलेल्या पेशी आणि रक्त गोठवणारे घटक दाट होत. पण पाणी शोषताना एवढी उष्णता निघे की जखमेभोवतीची कातडी भाजायची. त्यानंतर आलेल्या स्मेक्टाइट मातीच्या पावडरीचा वापर तिथल्या लष्कराने २००९ मध्ये थांबवला, कारण प्राण्यांवरील चाचण्यांत तिचे कण रक्तवाहिनीत शिरून आत गुठळ्या झालेल्या दिसल्या. २००८ पासून त्या लष्कराची पहिली पसंती केओलिन, म्हणजे चिनी माती, लावलेल्या गॉजला आहे. केओलिनमुळे रक्तातला गोठवणारा बारावा घटक (फॅक्टर १२) जागा होतो आणि गोठण्याची साखळी लवकर सुरू होते. माती धाग्यांना चिकटलेली असल्याने ती जखमेत सुटी फिरत नाही.

एक गोष्ट मात्र टोळीतल्या प्रत्येकाला पटवून द्या. रक्त दाबाने थांबते, औषधाने फक्त वेळ वाचतो. दाब न देता नुसती ठेवलेली महागडी पट्टी साध्या गॉजपेक्षाही निकामी ठरते.

आता कृती. माणसाला आडवे करा, जखमेवरचा कपडा कात्रीने कापा आणि रक्त नेमके कुठून येते आहे ते शोधा. साचलेले रक्त एकदा पटकन पुसा आणि जिथून उसळते तिथे बोट टेकवून दाबा. बोट न उचलता गॉजचे टोक त्याच जागी सरकवा. मग एका हाताच्या बोटाने घडीमागून घडी आत ठासत जा. दुसऱ्या हाताचे बोट आधीची घडी धरून ठेवील. जखम काठोकाठ भरली तरी थांबू नका, कातडीच्या वर उंचवटा येईपर्यंत भरा. गुंडाळी साधारण साडेतीन मीटर लांब असते आणि मांडीच्या खोल जखमेत ती अख्खी जाऊ शकते. उरलीच तर तिचीच घडी करून वर ठेवा. मग दोन्ही तळवे एकावर एक ठेवून, कोपर ताठ करून, अंगाचा भार टाकून दाबा. औषधी गॉज असेल तर किमान तीन मिनिटे, साधे असेल तर दहा मिनिटे, तीही घड्याळ लावून. घाबरलेल्या माणसाला तीस सेकंदांतच तीन मिनिटे झाली असे वाटते.

सगळ्यात जास्त चुकते ते इथेच. ‘थांबले का बघू’ म्हणून गॉज उचलले जाते आणि नुकती धरू लागलेली गुठळी त्याच्याबरोबर निघून येते. वेळ पुरी होईपर्यंत उचलायचे नाही. त्यानंतरही गॉजच्या कडेने रक्त झिरपत असेल तर आणखी गॉज ठासा आणि पुन्हा तेवढाच वेळ दाबा. धार तशीच राहिली, तर पहिल्यांदा गॉज चुकीच्या जागी भरले गेले असे समजा. ते काढा, उगम पुन्हा शोधा आणि नव्या पाकिटाने भरा. थांबल्यावर वरून लवचीक पट्टी घट्ट बांधा, अंगावर गोधडी घाला आणि १०८ ची वाट पाहा. गोधडी लाड म्हणून नाही. शरीर गार पडले की रक्त नीट गोठत नाही, आणि ऊसतोडणीचा हंगाम ऐन थंडीचा असतो.

हातापायातून रक्ताची चिळकांडी उडत असेल किंवा माती क्षणात भिजत असेल, तर गॉजच्या आधी टूर्निकेट, म्हणजे दांडी पिळून हात किंवा पाय आवळणारा रुंद पट्टा. मोठी धमनी तुटली तर माणूस तीन-चार मिनिटांत दगावू शकतो. जखमेच्या वर पाच ते आठ सेंटिमीटरवर बांधा. गुडघ्यावर किंवा कोपरावर नको. रक्त थांबेपर्यंत दांडी पिळा. दुखेल, पण सैल करू नका. वेळ कपाळावर किंवा पट्ट्यावर लिहा. सुतळी, तार, बुटाची नाडी वापरू नका. अरुंद दोरी मांस कापते आणि खालची धमनी मोकळीच राहते. जांघ, काख, मानेचे मूळ इथे टूर्निकेट बसत नाही, आणि औषधी गॉजचा खरा उपयोग याच जागी आहे. छाती आणि पोटाच्या आतला रक्तस्राव मात्र बाहेरून गॉज भरून थांबत नाही. तिथे जखम झाका आणि वाहन धरा.

बोट तुटून वेगळे झाले तर तुटक्या तुकड्यावर किंवा खुंटावर कुठलीही पावडर टाकू नका. जोडणाऱ्या सर्जनचे काम त्याने अवघड होते. खुंटावर दाब द्या. तुकडा ओलसर स्वच्छ गॉजमध्ये गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत घाला आणि ती पिशवी बर्फावर ठेवा. बर्फ थेट तुकड्याला लागता कामा नये.

पेटीसाठी आमची शिफारस अशी: औषधी गॉजची दोन पाकिटे, साध्या गॉजच्या सहा गुंडाळ्या, दोन लवचीक पट्ट्या, तयार मिळणारे दांडीचे एक टूर्निकेट, कपडे कापायची कात्री, हातमोजे. सराव साध्या गॉजवर करा. जाड फोमच्या तुकड्याला खोल चीर पाडून ती भरायला लावा. एकदा ठासून भरायची सवय लागली की हात थरथरत नाही.

प्रश्न: हळद, कॉफी, चुना, तंबाखू, तुरटी यांतले नेमके काय चालते?
– एक वाचक, वाई

उत्तर: तुरटी, आणि तीही फक्त दाढी करताना ओरखडलेल्या कातडीला. तुरटीतले अ‍ॅल्युमिनियमचे क्षार पृष्ठभागावरची प्रथिने साकळवतात आणि केसासारख्या बारीक वाहिन्या आकसतात. खोल जखमेत तिचा काही उपयोग नाही. केशकर्तनालयात एकच खडा सगळ्यांच्या गालांवरून फिरत असेल तर नको म्हणा. कावीळ ‘ब’ अशा रक्तातूनच पसरते.

चुना तीव्र अल्कली आहे, तो जखम भाजतो. त्यात कॅल्शियम आहे म्हणून रक्त गोठते ही समजूत चुकीची. गोठायला लागणारे कॅल्शियम रक्तात असतेच. हळद आणि कॉफी यांनी थर बसतो एवढेच. डब्यातली पूड निर्जंतुक नसते आणि टाके घालताना डॉक्टरांना जखमेचा तळ दिसत नाही, त्यामुळे आधी सगळे खरवडून काढावे लागते. तंबाखू, राख, शेण किंवा माती यांपैकी काहीही जखमेला लागले असेल तर धनुर्वाताचा धोका धरून चाला. मळकट जखमेसाठी शेवटच्या इंजेक्शनला पाच वर्षे उलटली असतील आणि स्वच्छ, किरकोळ जखमेसाठी दहा, तर नवा डोस घ्यावा.

टिंक्चर बेंझोइनबद्दलही बरेच जण विचारतात. ते राळेसारखे चिकटून लहान चीर बंद करते. वाहत्या रक्ताला ते थांबवत नाही.

प्रश्न: सासूबाईंच्या हृदयाची झडप बदललेली आहे, रक्त पातळ करणारी वॉरफेरिनची गोळी चालू आहे. दाढ काढायची आहे. पाच दिवस गोळी बंद करा असे शेजारच्या एकांनी सुचवले. तोंडातले रक्त थांबवणारे औषध मिळते का?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर: गोळी स्वतःहून बंद करू नका. धातूच्या झडपेवर गुठळी झाली तर पक्षाघात होऊ शकतो. दाढेतून येणारे रक्त दिसते आणि हाताखाली असते, झडपेवरची गुठळी तशी नसते. आयएनआर तपासणी (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारी) शक्यतो आदल्या दिवशी करून घ्या. आकडा ४ च्या खाली असेल तर एखादा दात सामान्यतः गोळी चालू ठेवूनच काढता येतो. मात्र हृदयाच्या डॉक्टरांना आणि दंतवैद्यांना दोघांनाही आधी कळवा. झडपेच्या रुग्णाला दात काढण्यापूर्वी प्रतिजैविकाचा एक डोसही द्यावा लागतो, तो विसरता कामा नये.

दंतवैद्य रिकाम्या खळग्यात जिलेटिनचा स्पंज किंवा ऑक्सिडाइज्ड सेल्युलोज ठेवतात आणि वरून टाका घालतात. स्पंज हा गुठळीला धरून राहायला सांगाडा पुरवतो आणि काही आठवड्यांत आपोआप विरतो. जोडीला ट्रॅनेक्झॅमिक आम्लाची ५ टक्के चूळ देतात. हे औषध नवी गुठळी बनवत नाही, बनलेली विरघळू देत नाही. लाळेत गुठळी विरघळवणारे घटक असतात, म्हणून तोंडात त्याचा गुण येतो. नेहमीचे प्रमाण १० मिली, दोन मिनिटे तोंडात धरून थुंकणे, दिवसातून चार वेळा, दोन दिवस. तयार द्रावण नसेल तर ५०० मिग्रॅची एक गोळी बारीक करून १० मिली पाण्यात कालवतात. पण ते दंतवैद्यांनी सांगितले तरच. खळखळून चूळ भरू नये, गिळू नये. थुंकायचे तेही हलकेच, जोर लावला की गुठळी निसटते.

घरी आल्यावर रक्त आलेच तर ओले गॉज घडी करून अर्धा तास सलग चावून धरायला सांगा. दर पाच मिनिटांनी कापूस बदलणे हेच बहुतेक वेळा रक्त न थांबण्याचे कारण असते. अर्ध्या तासाने थांबले नाही तर दवाखाना गाठा.

प्रश्न: मला कोळंबी, कुर्ल्या चालत नाहीत, अंगावर गांधी उठतात. कायटोसनची पट्टी कोळंबीच्या सालापासून करतात म्हणे. मी वापरावी का?
– एक वाचक, मालवण

उत्तर: कोळंबीची अ‍ॅलर्जी प्रामुख्याने तिच्या मांसातल्या ट्रोपोमायोसिन या प्रथिनाची असते. कायटोसन कवचातल्या कायटिनपासून बनते आणि शुद्ध करताना प्रथिने काढून टाकतात. कोळंबीची अ‍ॅलर्जी असलेल्या लोकांवर झालेल्या छोट्या चाचणीत अशा पट्टीने त्रास झाला नाही. जीव जाण्याइतके रक्त वाहत असेल तर अ‍ॅलर्जीचा विचार करत थांबू नका. किरकोळ कापण्याला साधे गॉज आहेच, तिथे ही पट्टी लागत नाही. अ‍ॅलर्जीची नोंद मात्र चिठ्ठीवर लिहून पेटीत ठेवा आणि डॉक्टरांना सांगा.

कायटोसनचा एक गुण इथेच सांगायला हवा. त्याच्यावर धन भार असतो, तांबड्या पेशींवर ऋण. दोघे चिकटून जखमेच्या तोंडावर जेलसारखे बूच बनते. यात रक्ताच्या स्वतःच्या गोठण्याच्या साखळीची गरज पडत नाही, म्हणून वॉरफेरिन किंवा हेपारिन अशी रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्याच्या घरात केओलिनपेक्षा ही पट्टी ठेवणे जास्त शहाणपणाचे. अहमदाबादच्या कंपनीची ‘अ‍ॅक्झिओस्टॅट’ याच जातीची आहे. तिला चिकटायला ओले रक्त लागते. जखम कोरडी ठणठणीत पुसून मग पट्टी ठेवली की ती निसटते आणि लोक पट्टीलाच दोष देतात. काढताना ओढू नका, सलाइनने भिजवून सुटी होऊ द्या.

प्रश्न: शस्त्रक्रियेनंतर डॉक्टरांनी सापाच्या विषापासून केलेले थेंब जखमेवर टाकले. हे खरेच विष असते का? घरी ठेवता येतील का?
– एक वाचक, पणजी

उत्तर: ते हिमोकोअ‍ॅग्युलेज. दक्षिण अमेरिकेतल्या बोथ्रॉप्स जातीच्या सापाच्या विषातून रक्त गोठवणारे विकर वेगळे काढलेले असते, मारक भाग नसतो. रक्तातल्या फायब्रिनोजेन या प्रथिनाचे ते फायब्रिनमध्ये, म्हणजे गुठळीच्या धाग्यांत, रूपांतर करते. दंतवैद्य आणि सर्जन झिरपणाऱ्या पृष्ठभागावर ते वापरतात. धमनीच्या धारेपुढे ते टिकत नाही, म्हणून घरच्या पेटीत त्याला जागा नको.

आपल्याकडच्या घोणशीचे विषही एके काळी याच कामी आले होते. १९३४ मध्ये मॅकफार्लेन आणि बार्नेट या संशोधकांनी ते अतिशय पातळ करून हिमोफिलियाच्या (रक्त नीट न गोठण्याच्या आनुवंशिक आजाराच्या) रुग्णांच्या जखमांवर लावून पाहिले, आणि आजही रक्त गोठण्याच्या एका प्रयोगशाळा-चाचणीत ते वापरतात. पण घोणस चावल्यावर उलटे होते. विष शरीरभर गोठण्याची साखळी पेटवून तिचे घटक संपवून टाकते आणि हिरड्यांतून, लघवीतून रक्त येऊ लागते. अशा वेळी दंशावर कुठलीही पट्टी, पावडर किंवा थेंब लावण्यात वेळ घालवू नका. अवयव हलू न देता रुग्णाला प्रतिविष असलेल्या रुग्णालयात न्या.

प्रश्न: औषधी गॉज भरून रुग्णालयात गेलो तर तिथे काय सांगायचे?
– एक वाचक, सातारा

उत्तर: तीन गोष्टी: किती पाकिटे आत भरली, किती वाजता भरली आणि रुग्ण कुठल्या रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेतो. फाडलेले रिकामे पाकीट सोबत द्या. त्यावर घटक लिहिलेला असतो. केओलिन आणि कायटोसन गॉज शरीरात विरत नाही. एखादी घडी आत राहिली तर पू होतो, म्हणून आकडा अचूक हवा. बहुतेक गॉजमध्ये एक्स-रेत दिसणारी पट्टी विणलेली असते, ती शोधायला मदत करते. घरी मात्र गॉज काढून ‘धुऊन बघू’ असे अजिबात करू नका. ते काढायचे काम सर्जन उपस्थित असताना, रक्त पुन्हा सुरू झाले तर आवरता येईल अशाच जागी होते.