आधी ग्रॅम नव्हे, मोल बघ

अभिक्रियाकारक म्हणजे रासायनिक समीकरणात बाणाच्या डावीकडचे पदार्थ, एवढं पाठ करून थांबू नकोस. ते किती आहेत आणि त्यातलं आधी काय संपतं, खरा खेळ तिथे आहे.

समज, ४ ग्रॅम हायड्रोजन आणि १६ ग्रॅम ऑक्सिजन घेतलास. पहिल्या नजरेत हायड्रोजनच कमी वाटतो ना? मीही सुरुवातीला असाच फसायचो. पण मोल काढ, म्हणजे रेणूंच्या संख्येचं माप (हायड्रोजनचा एक मोल २ ग्रॅमचा, ऑक्सिजनचा ३२ ग्रॅमचा): हायड्रोजन २, ऑक्सिजन अर्धा. पाणी तयार होताना दोनास एक असं प्रमाण लागतं, म्हणजे ऑक्सिजन आधी संपणार. पाणी १८ ग्रॅम मिळेल, २ ग्रॅम हायड्रोजन तसाच उरेल. बेरीज करून बघ, २० भरतेच.

जीवशास्त्रात गेलास की एन्झाइम (अभिक्रियेचा वेग वाढवणारं प्रथिन) ज्यावर काम करतं, त्या अभिक्रियाकारकालाच सबस्ट्रेट म्हणतात. नाव बदललं, काम तेच. मात्र एन्झाइमला त्यात धरू नकोस. कॅटालेज हे एन्झाइम हायड्रोजन पेरॉक्साइडचं पाणी आणि ऑक्सिजन करतं, पण स्वतः खर्ची पडत नाही. पेरॉक्साइड संपलं की बुडबुडे थांबतात, कॅटालेज पुढच्या रेणूसाठी तयारच असतं.

आणखी एक सवय लाव: कुठला अणू कुठून आला, हे विचारत जा. प्रकाशसंश्लेषणातला ऑक्सिजन कार्बन डायऑक्साइडमधून येतो असं बऱ्याच जणांना वाटतं. तो येतो पाण्यातून. १९४१ मध्ये रूबेन आणि केमेन या शास्त्रज्ञांनी ऑक्सिजन-१८ (ऑक्सिजनचा जड, ओळखता येणारा प्रकार) वापरून हेच तपासलं होतं. नुसतं समीकरण बघून हे कळलं नसतं.