हाताच्या उपचाराने कोठा साफ होईल काय?

प्रश्न : माझे वय ४६ वर्षे असून यावल तालुक्यातील एका जिनिंगमध्ये मी हिशेब लिहितो. गेली ६ वर्षे मला आठवड्यातून दोनदाच, तेही बराच वेळ कुंथल्यावर, शौचास होते. रोज रात्री घेत असलेल्या सोनामुखीच्या चूर्णाचाही आता गुण येत नाही. पुण्याच्या मेहुण्यांना ऑस्टिओपॅथीने आराम पडला. मी ती करून घ्यावी काय?

उत्तर : घेण्यास हरकत नाही, मात्र ती जोडउपचार म्हणून घ्यावी. अमेरिकेत १८७४ साली अँड्र्यू टेलर स्टिल यांनी मांडलेल्या या पद्धतीत पोट, कंबर आणि श्वासपटलाभोवतीचे (छाती व पोट यांमधील पडद्याभोवतीचे) स्नायू हाताने हलके दाबून सैल करतात. बद्धकोष्ठावर झालेले तिचे अभ्यास लहान आहेत. काहींत शौचाची वारंवारता वाढलेली दिसते, पण हा गुण दीर्घकाळ टिकतो असे सिद्ध झालेले नाही. आपल्याकडे ‘बेंबी सरकली’ म्हणून पोट रगडतात, तो प्रकार मात्र टाळावा. घरच्या घरी उताणे निजून, गुडघे दुमडून, उजव्या जांघेपासून वर बरगडीपर्यंत, तेथून आडवे डावीकडे आणि मग खाली असे १० मिनिटे हलक्या हाताने चोळता येते. हर्निया असल्यास किंवा पोटाची शस्त्रक्रिया नुकतीच झाली असल्यास तेही करू नये.

आपल्या पत्रातील खरी मेख मला बैठ्या कामात आणि जिनिंगच्या हंगामातील सकाळच्या घाईत दिसते. न्याहारीनंतर आतड्याची हालचाल आपोआप वाढते. नेमकी तीच वेळ कामावर जाण्यात गेली आणि वेग दाबला, की मळातील पाणी शोषले जाऊन तो खडा होतो. म्हणून न्याहारीनंतर १० मिनिटे, कमोड असल्यास पायाखाली पाट घेऊन, रोज बसावे. दादर ज्वारीच्या किंवा कळण्याच्या (ज्वारी-उडदाच्या पिठाच्या) भाकरीसोबत भाजी वाढवावी. शेवभाजीतील शेव ही काही भाजी नव्हे. इसबगोल भरपूर पाण्यासोबतच घ्यावे, आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात तर पाण्याचे प्रमाण आणखी वाढवावे लागते.

चूर्णाची मात्रा मनाने वाढवू नये. डॉक्टरांना चालू गोळ्या दाखवाव्यात, कारण लोह, कॅल्शियम आणि रक्तदाबाच्या काही औषधांनीही कोठा जड होतो. सोबत थायरॉइड व साखर तपासून घ्यावी. मळ मऊ असूनही कुंथावे लागत असेल, तर गुदद्वाराचे स्नायू वेळेवर सैल होत नसावेत. त्यासाठी बायोफीडबॅक हा वेगळा व्यायाम शिकवतात. मळात रक्त दिसले, वजन घटले किंवा अशक्तपणा आला, तर पोटाला कोणाचाही हात लावू न देता प्रथम तपासणी करावी.