पत्र्याखाली तापलेली बॅटरी आणि अर्ध्यात थांबलेलं अपडेट

दरवर्षी मे लागला की या पानाला कुलरच्या पंपाचे आणि मीटरच्या बिलाचे प्रश्न यायचे. यंदा मात्र जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्ही जिल्ह्यांतून इलेक्ट्रिक मोटारसायकलचंच विचारलंय, आणि निम्म्या पत्रांचं मूळ एकच आहे, आपलं ऊन. म्हणून यावेळी सगळी जागा त्यालाच.

प्रश्न (पारोळा तालुका): आखाजीच्या मुहूर्तावर गाडी घेतली. आता मी कामाला सुरतला चाललो, एकदम पोळ्यालाच येईन. गाडी घरी पत्र्याच्या शेडमध्ये राहील. वडील म्हणतात फुल चार्ज करून ठेव, शोरूमवाला म्हणतो काही होत नाही. कोणाचं ऐकू?

उत्तर: भाऊ, वडिलांचा सल्ला खोटा नाही, तो फक्त ट्रॅक्टरच्या बॅटरीचा आहे. ती लेड-ॲसिड असते, ती अर्धवट चार्ज करून ठेवली की आतल्या प्लेटांवर सल्फेटचा थर धरतो आणि बॅटरी बसते, म्हणून ती फुलच ठेवायची. तुमच्या गाडीत लिथियम आहे आणि लिथियमचं बरोबर उलटं. फुल भरलेला सेल आतून ताणलेला असतो, त्यात वरून उष्णता मिळाली की न वापरताच त्याची ताकद झिजत जाते, आणि ती परत येत नाही. ढोबळ हिशेब असा धरतात की दर 10 अंशांना ही झीज साधारण दुप्पट होते. आता तुम्हीच बघा, बाहेर 44-45 असताना पत्र्याखाली दुपारी काय असतं, सीटला हात लावून बघायची गरज नाही.

त्यामुळे गाडी 50-60 टक्क्यांवर आणा आणि तशीच ठेवा. बॅटरी काढता येणारी असेल तर घरात न्या. जुनं धाब्याचं घर अजून उभं असेल तर त्याच्याइतकी चांगली जागा नाही, जाड मातीच्या भिंती, वर मातीचं छत, आपल्या आजोबांनी फुकटात एसी बांधून ठेवलाय आणि आपण त्यात मोडकी खाट टाकतो. पण एक बघा, भाव चढेल म्हणून घरात कापूस भरून ठेवला असेल ना, तर त्या खोलीत बॅटरी ठेवायची नाही आणि चार्जिंग तर बिलकुलच नाही. कडब्याजवळ पण नाही. माणसं झोपतात तिथे किंवा बाहेर पडायच्या दाराच्या वाटेतही नको.

बॅटरी निघणारी नसेल तर गाडीच ओसरीत घ्या. सीटखाली एमसीबीचा खटका असेल तर मॅन्युअल बघून तो पाडून ठेवा. लिथियम स्वतःहून महिन्याला दोन-तीन टक्केच उतरते, पण गाडीतलं जीपीएस आणि सिमकार्ड रात्रंदिवस थोडं थोडं पित असतं. वडिलांना सांगून ठेवा, दर तीन आठवड्यांनी चार्ज बघायचा, 30 च्या खाली दिसला तर 60 पर्यंत न्यायचा. तीन युनिटच्या बॅटरीला हे एका युनिटचं काम आहे, बिलाची काळजी नको. एकदम शून्याखाली मात्र जाऊ द्यायची नाही, कारण फार उतरलेल्या सेलमध्ये आतल्या तांब्याची पट्टी विरघळायला लागते आणि नंतर चार्ज लावला की तेच तांबं भलतीकडे जमून आत शॉर्ट करू शकतं.

प्रश्न (रावेर): केळीच्या बागेतून दुपारी दोनला घरी आलो की चार्जिंगला लावतो तर लाल लाइट लागतो, चार्ज घेतच नाही. तीच गाडी रात्री बरोबर घेते. बॅटरी गेली का? एकाने ओलं गोणपाट टाकायला सांगितलंय.

उत्तर: बॅटरी गेली नाही, उलट हुशारीने वागतेय. बहुतेक लिथियम सेलना चार्ज करायची मर्यादा 0 ते 45 अंश दिलेली असते, चालवताना 60 पर्यंत चालतं. म्हणजे तापलेली गाडी पळेल, पण चार्ज घेणार नाही. आपल्याकडे मेमध्ये हवाच 45 ची, त्यात तुम्ही उन्हातून पळवत आणलेली, आतला सेल 50 च्या वर असणार, तर बॅटरीचा मेंदू, म्हणजे बीएमएस, चार्जरला सांगतो थांब. गोणपाट नको. बॅटरीवर आयपी67 लिहिलेलं असतं, म्हणजे मीटरभर पाण्यात अर्धा तास टिकते, पण ते बंद डब्याचं झालं, चार्जरचं आणि प्लगचं नाही, आणि 15 ॲम्पियरच्या सॉकेटजवळ पाणी टपकवणं म्हणजे वेगळंच संकट. तुमच्याकडे तर बाग आहे, दुपारभर गाडी केळीच्या सावलीला लावा, घरी आणल्यावर दोन तास तशीच ठेवा, आणि चार्जिंग रात्री उशिरा किंवा पहाटे. पहाटे फुल झाली आणि सहाला तुम्ही निघाले, म्हणजे फुल भरून तापत पडायचा सवालच आला नाही. अर्थिंग मात्र तपासून घ्या, मीठ-कोळशाचा खड्डा उन्हाळ्यात कोरडाठाक पडतो, त्यात पाणी कोण टाकतं.

प्रश्न (चोपडा, शिक्षिका): गाडीच्या डिस्प्लेवर चार महिन्यांपासून नवीन अपडेट आलंय म्हणून दाखवतंय, मी रोज 'नंतर' दाबते. माझ्या भावाने अपडेट केलं तर त्याची रेंज 12 किलोमीटरने कमी दाखवायला लागली. माझी शाळा 18 किलोमीटरवर आहे, मध्येच बंद पडली तर? आणि लाइट गेली तर?

उत्तर: ताई, आधी माझीच फजिती सांगतो. मागच्या उन्हाळ्यात लग्नाला निघायच्या दहा मिनिटं आधी मला अपडेट करायची बुद्धी झाली. टक्केवारी 71 वर येऊन थांबली, बायको गेटवर उभी, मी किल्ली फिरवून बंद केलं, खालचा खटका पण पाडला. झालं, डिस्प्लेवर कंपनीचं चिन्ह यायचं आणि जायचं, यायचं आणि जायचं. गाडी टेम्पोत टाकून सर्व्हिस सेंटरला न्यावी लागली आणि लग्नाला आम्ही एसटीने, पंगत उठायला पोचलो.

तर होतं काय, गाडीत एक कॉम्प्युटर नसतो, बीएमएस वेगळा, मोटरचा कंट्रोलर वेगळा, डिस्प्ले वेगळा, आणि ते एकमेकांशी सतत बोलत असतात. अपडेट म्हणजे प्रत्येकाची जुनी पाटी पुसून नवीन लिहायची. काही गाड्यांत जुनी पाटी बाजूला राखून ठेवतात, नवीन बिघडली तर त्यावर परत जाता येतं, पण सगळ्यांत ती सोय नसते. पुसून झालं आणि लिहायचं राहिलं अशा वेळी करंट तोडला की माझ्यासारखं होतं. लाइट जायची भीती मात्र यात कमी आहे, कारण अपडेट डाउनलोड होताना नेट लागतं, ते तुटलं तर नंतर परत सुरू होतं, आणि बसवताना गाडी स्वतःच्याच बॅटरीवर चालते. म्हणून चार्ज निम्म्याच्या वर ठेवा, चार्जर काढून ठेवा (तुमच्या कंपनीने लावूनच ठेवायला सांगितलं असेल तर तिचं ऐका), सावलीत उभी करा, रविवारी सकाळचा निवांत एक तास काढा आणि टक्केवारी अडकली तरी हात लावू नका. शाळेच्या दिवशी सकाळी तर नाहीच नाही.

रेंजचं. भावाची बॅटरी एका रात्रीत लहान झाली असं नाही. नवीन सॉफ्टवेअर कधी हिशेब जरा खरा करतं, कधी तळाला थोडा चार्ज राखून ठेवतं, कधी बॅटरी तापली की ताकद आधीच कमी करतं. गाडीत एलएफपी सेल (लिथियमचाच लोह-फॉस्फेटवाला प्रकार) असतील तर अजून एक भानगड आहे, त्यांचं व्होल्टेज मधल्या सगळ्या पट्ट्यात जवळपास सारखंच राहतं, मग कॉम्प्युटरला नेमकं किती उरलं ते कळत नाही आणि आकडा भरकटतो. अशा गाडीला अपडेटनंतर एकदा 100 पर्यंत चार्ज द्यावा, आकडा ठिकाणावर येतो. पण दोन-तीन आठवड्यांनीही रेंज कमीच राहिली तर लेखी तक्रार द्या, रेंज कमी केली आणि सांगितलं नाही हे मला पटत नाही, गाडी आपण विकत घेतलीय, भाड्याने नाही. तरी अपडेट टाळू मात्र नका. 2022 मध्ये देशात इलेक्ट्रिक दुचाकी पेटायच्या बातम्या लागोपाठ आल्या, त्यानंतर सरकारने बॅटरीचे एआयएस-156 नियम कडक केले, ते डिसेंबर 2022 आणि मार्च 2023 असे दोन टप्प्यांत लागू झाले. बॅटरी कधी थांबवायची, कधी धोक्याचा इशारा द्यायचा हे बरंचसं सॉफ्टवेअरच ठरवतं, त्यातली चूक सापडली तर ती दुरुस्त होऊन तुमच्यापर्यंत याच रस्त्याने येते.

प्रश्न (शहादा): बिनपासिंगची स्लो स्कूटर आहे. दुकानदार म्हणतो लॅपटॉप लावून 25 ची 50 करून देतो, वर रेंज पण वाढवतो. करू का?

उत्तर: नका करू भो. 25 च्या आत स्पीड आणि 250 वॅटच्या आत मोटर, म्हणून तर तिला पासिंग लागत नाही. स्पीड वाढवला की ती विनापासिंग, विनाविमा गाडी झाली, ठोकली तर भरपाई खिशातून. आणि त्याच बॅटरीवर स्पीड वाढला की रेंज घटते, तोच माणूस स्पीड आणि रेंज दोन्ही वाढवतो म्हणतो, यावरूनच ओळखा.

प्रश्न (साक्री, अहिराणीतूनच देतोय): गाडी दोन महिना उभी व्हती, आते चालूच व्हत नही. मरी गयी का भाऊ?

उत्तर: लगेच रडू नका. बऱ्याच गाड्यांत मोठ्या बॅटरीशिवाय एक छोटी 12 व्होल्टची असते, तिच्यावरच डिस्प्ले लागतो आणि मोठ्या बॅटरीचा आतला स्विच ओढला जातो. छोटी उतरली की मोठीत अर्धा चार्ज असूनही गाडी काळीठिक्कर. ती काढून बॅटरीच्या दुकानात चार्ज करून आणा, ट्रॅक्टरवरून वायर जोडू नका, प्लस-मायनस चुकला तर कंट्रोलर जातो. छोटी ठीक असेल आणि मोठीच चार्ज घेत नसेल तर दुसऱ्याचा चार्जर लावून बघायचा नाही, सर्व्हिस सेंटरला फोन करायचा आणि गाडी तोवर घराबाहेर, सावलीत.