बाविसाव्या आठवड्यात सात किलो वाढलंय, म्हणून जेवण तोडू नका

तुमचं पत्र वाचलं: गरोदर राहण्याआधीचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचं माप) २७, आता बाविसावा आठवडा आणि वजन ७ किलोंनी वाढलेलं. तपासणीत बोलणी बसली, घरचे मात्र 'दोन जिवांचं खा' म्हणतात. तुमची घालमेल कळते. पण रात्रीचं जेवण बंद करायचा जो विचार लिहिलाय, तो आजच सोडा.

गरोदरपणात वजन उतरवायचं नसतं, वाढीचा वेग आवरायचा असतो. अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने २००९ मध्ये दिलेल्या शिफारशींनुसार, एकच बाळ असेल तर २५ ते २९.९ बीएमआय असलेल्या बाईचं वजन पूर्ण गरोदरपणात ७ ते ११.५ किलो वाढावं. तुमच्याकडे अजून साधारण अठरा आठवडे आहेत. आठवड्याला पाव किलोच्या आसपास वाढ ठेवलीत तरी तुम्ही या मर्यादेतच राहाल. म्हणजे हातातून काही गेलेलं नाही.

आणि हे सगळं वजन म्हणजे चरबी नव्हे. बाळ, वार, गर्भजल, मोठं झालेलं गर्भाशय, वाढलेलं रक्त, सगळं त्यातच येतं.

दोघांचं खाण्याबद्दल घरच्यांना एवढंच सांगा: पहिल्या तीन महिन्यांत जादा उष्मांक (कॅलरी) जवळजवळ लागतच नाहीत, मधल्या तीन महिन्यांत रोज साधारण ३४० आणि शेवटच्या तिमाहीत ४५० लागतात. हा आकडा सरासरी वजनाच्या बाईचा; तुम्हाला त्याहून कमी पुरेल. माझ्या मते सगळ्यात आधी गोड पेयं आणि फळांचे रस बंद करावेत. त्यांनी पोट भरत नाही, साखर मात्र भरपूर जाते. प्रत्येक जेवणात प्रथिनं हवीतच. डॉक्टरांनी मनाई केली नसेल तर आठवड्याला १५० मिनिटं चाला, बोलता येईल इतक्याच वेगाने. चोवीस ते अठ्ठावीस आठवड्यांमधली साखरेची तपासणी चुकवू नका.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. काही दिवसांतच वजन एकदम वाढलं, चेहरा-हात सुजले, डोकं सतत दुखू लागलं किंवा नजर धूसर झाली, तर तो खाण्याचा दोष समजू नका. रक्तदाब वाढलेला असू शकतो. त्याच दिवशी दवाखाना गाठा.

बाळंतपणानंतर वजन कसं उतरवायचं, तेही विचारलंत. पहिले काही आठवडे वजनकाटा बाजूला ठेवा. जखम भरू द्या, दूध नीट येऊ द्या. अंगावर पाजताना भूक जास्त लागते आणि ती खरी असते. पुढे आठवड्याला अर्धा किलोपर्यंत उतरलं तर पुष्कळ. सहा महिने, वर्षही लागतं. पोटाचे व्यायाम सुरू करण्याआधी पोटाच्या स्नायूंमध्ये फट राहिली आहे का, हे तपासून घ्या. खूप थकवा असेल आणि वजन हलतच नसेल, तर थायरॉईड बघायला सांगा.

घरच्यांनी मदत करायचीच असेल तर रात्री बाळाला थोडा वेळ घ्यावं. झोप तुटली की भूक आणि गोडाची ओढ दोन्ही वाढतात. आणि दोन आठवड्यांहून जास्त काळ सतत रडू येत असेल, कशातच मन लागत नसेल, तर डॉक्टरांना आधी ते सांगा. वजनाचं नंतर बघता येईल.