लायनिंग पातळ होतं तेव्हा

प्रिय बाळा,

काल रात्री साडेअकराला पाठवलेला तुझा फोटो बघितला. महिन्याचं सगळ्यात मोठं टनेज, आणि सहा आठवडे एकही सुट्टी नाही. आधी अभिमान वाटला. नंतर झोप लागेना.

तू फाउंड्रीत मेल्टिंगला, म्हणजे धातू वितळवायला आहेस, म्हणून भट्टीचंच सांगतो. इंडक्शन फर्नेसचं, म्हणजे विजेच्या भट्टीचं लायनिंग, आतला उष्णता सोसणारा थर, झिजत जातं तसा धातूचा रस भोवतीच्या विजेच्या कॉइलच्या जवळ सरकतो. भट्टी जास्त पॉवर ओढते, पोटात मालही जास्त मावतो, हीट, म्हणजे वितळलेला एक घाणा, लवकर निघते. नवख्याला वाटतं, भट्टी आता रुळली. जुना मेल्टर तेव्हाच धास्तावतो, कारण रस आणि आतून पाणी फिरणारी ती कॉइल यांच्यामध्ये फारसं काही उरलेलं नसतं. तुझा हा विक्रमी महिना मला तसा दिसतोय.

मी यातून गेलोय. शिरोलीत शिफ्ट बघत होतो तेव्हा दोन महिने डबल शिफ्ट मारल्या. रिजेक्शन कमी, वरचे खूश. एका संध्याकाळी तावडे हॉटेलच्या चौकात स्कूटर थांबली आणि मी घरी निघालोय की कामावर, हेच आठवेना. सावरायला वर्ष गेलं. त्या काळात मुलगी काय शिकत होती, ते आजही मला नीट सांगता येत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये बर्नआउटच्या तीन खुणा मांडल्या: शक्ती संपणं, कामावरून मन उडणं, आपल्या हातून काही नीट होत नाही असं वाटणं. तू दुसरीवर लक्ष ठेव. हेल्परवर विनाकारण खेकसायला लागलास की समज. आणि तास मोज. आठवड्याला ५५ किंवा जास्त तास काम करणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका ३५ ते ४० तासवाल्यांपेक्षा सुमारे ३५ टक्के जास्त असतो, असं याच संघटनेनं आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेनं २०२१ मध्ये सांगितलं. तुझे बारा तास सातही दिवस धरले तर ८४ होतात.

'माझ्याशिवाय चालत नाही' म्हणशील. मग पहिलं काम तेच. दुसऱ्या मुलाला चार्ज मिक्स, म्हणजे भट्टीत घालायच्या मालाचं प्रमाण, आणि टेम्परेचर बघायला शिकव, आठवड्यातला एक दिवस पूर्ण त्याच्यावर सोड. हीटचा आकडा बोर्डावर लिहितोस ना, तिथंच तुझ्या सुट्टीची तारीखही लिही, म्हणजे चार लोकांना दिसेल. सुट्टीचा पहिला अर्धा दिवस हात शिवशिवतील. तेव्हा फोन घरी ठेवून रंकाळ्यावर एक फेरी मार. परत कामावर गेल्यावरही पहिल्या तासाला फुल पॉवर नको. थंड झालेल्या सिलिका लायनिंगला तडे जातात, ते मिटेपर्यंत भट्टी हळूहळूच तापवतात, हे मीच तुला शिकवलंय.

या रविवारी सकाळी आमच्याकडं ये. काकूनं तांबडा-पांढरा करायचं ठरवलंय. साहेबांना आजच सांगून ठेव.

तुझा,
काका