दहा हजारांची स्कूटर, पन्नास लाखांची जोखीम

कळव्याच्या एका वाचकाचं पत्र आहे. वय 36, रबाळे एमआयडीसीत नोकरी, हातात महिन्याला 45 हजार. घरात पत्नी, पाच वर्षांची मुलगी आणि निवृत्त वडील. ते लिहितात: ‘वडिलांनी 1998 मध्ये घेतलेली चेतक मी रोज कामावर नेतो. गाडी त्यांच्याच नावावर आहे. रंग उडालाय, बाजूचं पॅनल सायकलच्या ट्यूबने बांधलंय, पायाखालचा पत्रा दोनदा वेल्डिंग करून घेतलाय. महिन्याला हजारभर रुपये गॅरेजला जातात. पत्नी म्हणते, नवी घ्या. पण गाडीवर जीव आहे. शिवाय मित्र म्हणतात, पुढे विंटेज म्हणून लाखात जाईल. 2023 मध्ये पासिंगच्या वेळी एजंटने विमा काढून दिला होता, नंतर भरला नाही. दहा हजारांच्या गाडीला विमा काय करायचा? माझा स्वतःचा 50 हजार हप्त्याचा विमा आहेच, बँकेतून घेतलेला. 20 वर्षांनी 18 लाख मिळणार आहेत. तर स्कूटर ठेवू की कर्ज काढून नवी घेऊ?’

ठेवा. नवी 125 सीसी स्कूटर रस्त्यावर यायला सव्वा लाख धरा. 25 हजार हातचे, एक लाख कर्ज, तीन वर्षं, 12 टक्के, म्हणजे हप्ता 3,300. वर्षाला 40 हजार. तुमचा गॅरेजचा खर्च वर्षाला 12 हजार. कळवा ते रबाळे जाऊन-येऊन 20 किलोमीटर धरले, तर पेट्रोलमध्ये महिन्याला दोन-तीनशेच वाचतील. तीन वर्षांत जुनी गाडी तुमचे लाखभर रुपये वाचवते.

आणि तुमचा जीव गाडीवर आहे, त्याला मी भाबडेपणा म्हणणार नाही. अशा गाडीचा एक मोठा फायदा हिशेबाच्या वहीत दिसत नाही. स्टेशनबाहेरच्या दाटीत लावली आणि कुणी ओरखडा काढला, तर तुमचा दिवस खराब होत नाही. क्लचची वायर तुटली तर डिकीत दुसरी असते, रस्त्याच्या कडेला बसून बदलता येते. विटाव्याच्या पुलाखालच्या पाण्यात बंद पडली तर बाजूला घ्यायची, प्लग काढून पुसायचा, कलती करून किक मारायची. पेट्रोल टाकीतून पाझरायला लागलं तर कपड्याच्या साबणाची वडी घासून गॅरेजपर्यंत पोचता येतं. गाडी कशी चालते हे ज्याला हाताने कळलंय, त्याला वर्कशॉपच्या बिलाची धास्ती कमी असते. हे सुख खरं आहे, आणि स्वस्तही आहे.

मात्र विंटेजचं सोडून द्या. 2021 च्या केंद्राच्या नियमांप्रमाणे पहिल्या नोंदणीपासून 50 वर्षं उलटलेली आणि मूळ रूपात राखलेली गाडीच विंटेज ठरते. तुमची 2048 मध्ये पात्र होईल, तेही मूळ पत्रा शिल्लक असला तर. शिवाय तशी नोंद झालेली गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही. या आशेवर एक रुपयाही लावू नका.

आता तुम्ही न विचारलेलं, पण पत्रातलं सगळ्यात गंभीर: स्कूटरचा न भरलेला विमा. थर्ड पार्टी विमा तुमच्या गाडीचा नसतोच. तो रस्त्यावरच्या दुसऱ्या माणसाचा असतो. गाडी दहा हजारांची असो की दहा लाखांची, तिने धडक दिलेल्या माणसाचं आयुष्य तेवढ्याच मोलाचं आहे. दिघ्याजवळ तुमचा ब्रेक लागला नाही आणि 32 वर्षांचा, महिना 25 हजार कमावणारा कुटुंबवत्सल माणूस गेला, असं धरा. मोटार अपघात न्यायाधिकरण भरपाई साधारण अशी काढतं: वर्षाची कमाई तीन लाख, पुढच्या वाढीसाठी 40 टक्के मिळवले की 4.2 लाख, त्याच्या स्वतःच्या खर्चाचा चौथा हिस्सा वजा केला की 3.15 लाख, त्याला त्या वयाच्या ठरलेल्या गुणकाने, म्हणजे 16 ने, गुणलं. झाले पन्नास लाख. चूक तुमची ठरली आणि विमा नसला, तर हे पैसे कंपनी देत नाही. चालवणारा आणि मालक देतात.

आणि मालक कोण? आरसीवर ज्याचं नाव आहे तो. म्हणजे तुमचे वडील. ही वसुली जिल्हाधिकाऱ्यांमार्फत जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी करता येते. वडिलांच्या नावावर घर असेल तर ते त्यात येतं. ज्या माणसाने तुम्हाला हौसेने स्कूटर दिली, त्याच्या म्हातारपणाचं छप्पर तुम्ही रोज सकाळी ठाणे-बेलापूर रस्त्यावर पणाला लावताय. पोलिसांचा 2,000 रुपयांचा दंड यापुढे काहीच नाही.

याची किंमत किती? 75 ते 150 सीसीच्या दुचाकीला थर्ड पार्टीचा ठरलेला हप्ता 714 रुपये. जीएसटी धरून साडेआठशेच्या आत. तुमच्या गॅरेजच्या एका महिन्याच्या बिलापेक्षा कमी! गाडी रस्त्यावरून काढून ठेवा आणि आज रात्रीच ऑनलाइन काढा. फक्त थर्ड पार्टी घेताना सहसा तपासणी लागत नाही, अर्ध्या तासाचं काम आहे. पॉलिसी हातात आल्याशिवाय किक मारू नका.

मग आरटीओत जाऊन गाडी तुमच्या नावावर करून घ्या. कारण मालक-चालकाचं 15 लाखांचं वैयक्तिक अपघात कवच नोंदणीकृत मालकालाच मिळतं. आज तुम्ही काढलंत तरी ते वडिलांच्या नावाने असेल, आणि गाडी चालवताय तुम्ही.

नव्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा खरेदीबरोबरच घ्यावा लागतो, त्यामुळे नवी गाडीवाला निदान तेवढी वर्षं वाचतो. जुन्या गाडीचं तसं नाही. दरवर्षी आठवण ठेवायची जबाबदारी तुमची.

आता त्या बँकेच्या पॉलिसीबद्दल. तुम्ही तिला विमा म्हणता, पण तुम्ही गेलात तर घरच्यांना किती मिळतील, हे पत्रात कुठेच नाही. अशा पॉलिसीत सहसा वार्षिक हप्त्याच्या दहापट कवच असतं, म्हणजे पाच लाख. 45 हजार पगाराच्या घराला ते वर्षभरसुद्धा पुरणार नाहीत. आणि परतावा? 50 हजार दरवर्षी, 20 वर्षं, शेवटी 18 लाख, म्हणजे साधारण सव्वापाच टक्के. तेच पैसे पीपीएफमध्ये आजच्या 7.1 टक्क्यांनी 22 लाख होतात. काउंटरवर ओळखीच्या चेहऱ्याने ‘सर, सेव्हिंग पण आणि विमा पण’ म्हणत हे गळ्यात मारलं जातं आणि घरातला कमावता माणूस उघडा राहतो. याचा मला मनापासून राग येतो. तुमच्या वयाला एक कोटीचा टर्म इन्शुरन्स, म्हणजे बचतीशिवायचा निव्वळ आयुर्विमा, वर्षाला 15 हजारांच्या आसपास मिळतो, आणि सप्टेंबर 2025 पासून त्यावर जीएसटीही नाही. आधी तो काढा, तो हातात आल्यावर कंपनीकडून सरेंडर (पॉलिसी आज मोडली तर मिळणारे पैसे) आणि पेड-अप (हप्ते थांबवून पॉलिसी तशीच ठेवली तर मिळणारे), दोन्ही आकडे लेखी मागा. किती हप्ते भरलेत हे तुम्ही लिहिलेलं नाही. त्यावर पुढचं ठरेल. आकडे पाठवलेत तर मी सांगेन.

उरलं गॅरेज. पॅनलला ट्यूब, पत्र्याला वेल्डिंग, हेडलाइटच्या काचेला टेप, खुशाल करा. ब्रेक लायनर, ब्रेकची वायर, टायर आणि मागचा लाल दिवा या चार ठिकाणी जुगाड चालणार नाही. तिथे नवा माल घाला आणि महिन्याच्या हजाराचे पंधराशे झाले तरी कुरकुर करू नका. मुलीला मागे बसवत असाल तर तिच्या मापाचं हेल्मेट याच महिन्यात घ्या.