गुणोत्तर-प्रमाण : तिरकस गुणाकाराची घाई नको

सहावी ते आठवीच्या मुलांचे पालक फिरून फिरून तेच विचारतात, म्हणून ही उत्तरे एकत्र.

२:३ लिहिले काय नि ३:२ लिहिले काय, फरक पडतो का? (विद्यार्थी, डिचोली)

पडतो. ज्याचे नाव आधी, त्याची संख्या आधी.

अमृत कोकम आणि पाणी १:४. म्हणजे सरबतात कोकम पाव भाग ना? (पालक, फोंडा)

नाही. एकूण भाग पाच, म्हणून कोकम एकपंचमांश. १ लिटर सरबताला २०० मिली कोकम, ८०० मिली पाणी. भागांची बेरीज आधी वहीत मांडायला लावा.

क्लासमध्ये 'तिरकस गुणाकार, दहा सेकंदांत उत्तर' शिकवतात. मुलगी भराभर सोडवते, तरी गुण जातात. (पालक, पेडणे)

जाणारच. ४ रंगारी एक घर ६ दिवसांत रंगवतात, तर ८ रंगारी किती दिवसांत? डोळे झाकून तिरकस गुणाकार केला (४/६ = ८/?, म्हणून ६ × ८ ÷ ४) की उत्तर येते १२. माणसे दुप्पट झाली आणि दिवसही दुप्पट? हे व्यस्त प्रमाण आहे, इथे गुणाकार स्थिर राहतो : ४ × ६ = २४, आणि २४ ÷ ८ = ३ दिवस. ५ नारळ १५० रुपयांना, तर ८ केवढ्याला? हे सम प्रमाण. एका नारळाचे ३० रुपये बदलत नाहीत, म्हणून २४०. आता आई ३० वर्षांची, मुलगा ५ वर्षांचा. वय सहापट. पाच वर्षांनी ३५ आणि १०, म्हणजे साडेतीनपट. इथे स्थिर आहे तो फरक, प्रमाण नाहीच. क्लासची युक्ती या तिन्ही उदाहरणांना एकाच साच्यात कोंबते, आणि जाहिरात मात्र वेगाची होते!

मुलीला गणित सोडवण्याआधी एक वाक्य लिहायला लावा : 'पहिली राशी दुप्पट केली तर दुसरीचे काय होईल?' सध्या फक्त एकमान पद्धत (आधी एकासाठी किती ते काढणे) वापरू दे. क्लास बदलण्याआधी वही शाळेतल्या गणिताच्या शिक्षकांना दाखवा. चूक आकडेमोडीत आहे की प्रकार ओळखण्यात, हे त्यांना दोन पाने पाहून कळेल.

मोठे पाकीट स्वस्तच पडते ना? (गृहिणी, म्हापसा)

दर काढल्याशिवाय मानू नका. २०० ग्रॅम ४४ रुपयांना आणि ५०० ग्रॅम ११५ रुपयांना असेल, तर १०० ग्रॅमला २२ आणि २३ पडतात. 'बचत पॅक' ही नुसती छापील अक्षरे.

जाताना ताशी ६० किमी, त्याच वाटेने येताना ३०. सरासरी ४५, असे शेजारी म्हणतात. (विद्यार्थिनी, वाळपई)

४०. एका बाजूचे अंतर ६० किमी धरा : जायला १ तास, यायला २. १२० ÷ ३. ऐकीव उत्तर वहीत उतरवू नकोस.

मुलगा आठवीत, गुणोत्तर कच्चे. दहावीपर्यंत जमेल ना? (पालक, साखळी)

वाट पाहू नका. समरूप त्रिकोण आणि त्रिकोणमिती गुणोत्तरावरच उभी आहेत. आज त्याला विचारा, ६/८ आणि ९/१२ समान का? सांगता आले नाही, तर अडचण अपूर्णांकांत आहे. याच आठवड्यात शिक्षकांना भेटा आणि उजळणी तिथूनच सुरू करायला सांगा.